सफाई कामगारांची तक्रार कशी लढवावी: पहिल्या भेटीपासून वसुलीपर्यंत

कामगारांना सोबत घेऊन थेट सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन उभं राहणं, ही या कामात नव्याने येणाऱ्यांची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हातात हजेरीचा पुरावा नसतो, ठेकेदाराचं पूर्ण नाव नसतं, हिशेब तर नसतोच. अधिकारी विचारतात, "किती महिन्यांचे? किती रुपये?" आणि मागे उभ्या असलेल्या वीस बायका एकमेकींकडे बघतात. संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला बातमी लागते. आठवड्याभरात त्यातल्या तिघींना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं जातं, आणि बाकीच्या तुमचा फोन उचलायचं बंद करतात.

चूक तळमळीची नसते, क्रमाची असते. कोल्हापुरात रुग्णालयं, बँका, मॉल, शाळा, अपार्टमेंट, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीचे कारखाने, सगळीकडे सफाई आता बहुतांशी ठेक्यावर चालते. अशा कामगारांच्या बाजूने उभं राहण्याचं काम ज्यांना पेशा म्हणून करायचंय, त्यांनी खालचा क्रम मोडू नये.

## १. आधी स्वतःची तयारी

शिक्षणाचे रस्ते दोन-तीन आहेत. शहाजी लॉ कॉलेजमधून वकिली करता येते. कोल्हापूरच्याच 'सायबर' या शिक्षणसंस्थेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत कामगार विषयांचेच अभ्यासक्रम आहेत. यातलं काही नसेल तरी नोंदणीकृत युनियनचा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून काम सुरू करता येतं. मी अनेक चांगले कार्यकर्ते तिथूनच घडलेले पाहिलेत.

पोटापाण्याचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. युनियनचं मानधन, संस्थेचा पगार किंवा वकिलीची ठरलेली फी, यांपैकी काहीतरी एक असू द्या. वसूल झालेल्या थकबाकीतला टक्का कधीही घेऊ नका. वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमांनीच तशी फी घ्यायला मनाई आहे. आणि एकदा टक्का घेतलात की कामगाराच्या नजरेत तुम्ही आणि मुकादम एका रांगेत येता.

तपासा: दावा युनियनच्या नावाने टाकणार असाल तर युनियन नोंदणीकृत हवी आणि कामगार तिचा सभासद हवा. सभासद वर्गणीची पावती दाव्याच्या तारखेआधीची हवी. नंतर फाडलेली पावती समोरचा वकील पहिल्याच तारखेला पकडतो.

## २. पहिली भेट गेटवर नको, घरी घ्या

शिफ्ट सुटताना गेटवर थांबून बोलणं सोपं वाटतं. पण तिथे सुपरवायझर असतो, सीसीटीव्ही असतो, आणि कामगारांमध्ये ठेकेदाराचा एखादा माणूसही असतो. संध्याकाळी वस्तीत जा. पहाटेच्या केएमटी बसने कामावर जाणारी बाई दुपारी तीनला घरी येते, धुणंभांडी उरकते. साडेपाच-सहाच्या सुमारास ती नीट बोलते.

पहिल्या भेटीत भाषण नको, प्रश्न विचारा. कामाला कधीपासून? कोणी लावलं? पगार कोणत्या तारखेला बसतो, बँकेत की हातात? आठवड्याची सुट्टी मिळते का, आणि त्या दिवसाचे पैसे कापतात का? झाडू, फिनेल, युनिफॉर्मचे पैसे कोण देतं? रजा मागितली तर काय होतं?

आणखी एक प्रश्न विचाराच: "एटीएम कार्ड कुठं आहे?" एकदा एका बाईने मला सहज सांगितलं, "आमचं एटीएम मुकादमाकडं हाय की. पिन बी त्येच्याकडंच." तिला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण तिच्या सोबतच्या सगळ्यांचंच तसं होतं. या उत्तराने ती सगळी तक्रार बदलली. ते कसं, हे पुढच्या टप्प्यात सांगतो.

सावधान: "तुम्हाला पर्मनंट करून देतो" हे वाक्य तोंडातून काढू नका. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम नोकरी मिळाली, हे खरं. पण त्यामागे त्यांच्या युनियनने वर्षानुवर्षं जमवलेला पुरावा होता. तसंच लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून मिळणारा वारसा हक्क, म्हणजे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी, ठेकेदाराकडच्या कामगाराला आपोआप मिळत नाही. वस्तीत याबद्दल फार गैरसमज आहेत, ते पहिल्या भेटीतच दूर करा.

## ३. कागद गोळा करणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. वीस कामगारांचे कागद नीट लावायला मला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढे लागू द्यावेत.

"आमच्याकडं काहीच कागद नाही" असं प्रत्येक जण म्हणतं. घरात बसून शोधलं की निघतात. भिंतीवरचं कालनिर्णय आधी बघा. पुष्कळ बायका दुधाच्या हिशेबासारखाच कामाचा हिशेब त्यावर ठेवतात: कामाच्या दिवशी टिंब, खाड्याला फुली, डबल ड्युटीला दोन टिंबं. हे कॅलेंडर फाडून आणू नका. प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि मूळ कॅलेंडर तिच्याकडेच जपून ठेवायला सांगा, कारण सुनावणीत मूळ प्रत मागितली जाते. सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी टाकलेले हजेरीचे फोटो हाही चांगला पुरावा आहे. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत ती चॅट सेव्ह करून घ्या.

प्रत्येक कामगाराची एक फाइल करा. तिच्यात एवढं हवं:

- आधार, आणि ठेकेदाराने दिलेलं ओळखपत्र किंवा गेटपास
- बँक पासबुक, भरून घेतलेलं, निदान तीन वर्षांचं
- यूएएन (पीएफ खात्याचा कायम क्रमांक) आणि पीएफचं पासबुक
- ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) विमा क्रमांक
- हजेरीच्या खुणा: कॅलेंडर, डायरी, चॅट
- पगार चिठ्ठी मिळत असेल तर ती. मिळत नसेल तर मिळत नाही, हे तिच्या जबाबात लिहून घ्या.

आता त्या एटीएमकडे येऊ. वर सांगितलेल्या तक्रारीत पासबुकावर पगार किमान वेतनाइतका पूर्ण दिसत होता. ठेकेदार निर्धास्त होता, कारण कागदावर सगळं चोख होतं. आम्ही अकरा जणींची पासबुकं जमिनीवर शेजारी शेजारी मांडली. दर महिन्याला पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अकराही खात्यांतून, एकाच एटीएमवरून सारखीच रक्कम काढलेली होती. वेगवेगळ्या घरांतल्या अकरा बायका एकाच दिवशी एकाच मशिनवर जाऊन तेवढेच पैसे कशा काढतील? एकेक पासबुक वेगळं पाहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून पासबुकं नेहमी एकत्र मांडून बघा.

नावांची गडबडही इथेच सोडवा. कामावर सगळे तिला 'मावशी' म्हणतात, मस्टरवर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं, आणि पीएफमध्ये तिसऱ्याच स्पेलिंगचं. आधार आणि यूएएनमधलं नाव जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका. नाहीतर दावा जिंकूनही पैसे अडकतात.

सावधान: मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका. फोटो काढा, दोन ठिकाणी साठवा, मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांतली कितीतरी घरांतली कागदपत्रं पंचगंगेच्या पाण्यात गेली.

## ४. हिशेब मांडा

किमान वेतनाचा दर एकच नसतो. कामगार रुग्णालयात आहे की दुकानात, कारखान्यात की नगरपालिकेत, त्यावर अनुसूची, म्हणजे उद्योगाप्रमाणे दरांची यादी ठरते. ठिकाणावरून परिमंडळ, म्हणजे दराचा विभाग ठरतो, कामावरून कुशल-अकुशल वर्ग ठरतो. मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. त्यामुळे १८ महिन्यांच्या हिशेबात तीन-चार वेगवेगळे दर येऊ शकतात. सगळ्या महिन्यांना आजचा दर लावणं ही नेहमीची चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे: हातात आलेल्या पगाराची तुलना एकूण पगाराशी करणं. उदाहरण घेऊ. समजा एका महिन्याचा दर भत्त्यासह १३,००० रुपये आहे. त्यातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६० आणि ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ९८ रुपये कायदेशीर कापले जातात. हातात यायला हवेत ११,३४२. आले ९,०००. फरक २,३४२ रुपयांचा, ४,००० चा नाही. तुम्ही ४,००० लिहिलेत की समोरचा वकील ती एक चूक दाखवून तुमचा सगळा तक्ता संशयास्पद ठरवतो.

आता ओव्हरटाइम. १३,००० ला २६ ने भागलं की दिवसाचे ५००, आठ तासांनी भागलं की तासाचे ६२.५०, आणि दुप्पट दराने १२५. ही बाई रोज दोन तास जास्त थांबत असेल तर महिन्याचे ५२ तास, म्हणजे ६,५०० रुपये. पगारातल्या फरकाच्या पावणेतीन पट! तरीही बहुतेक दाव्यांत ओव्हरटाइमचा रकानाच नसतो, कारण "थोडं थांबावं लागतं" याला कामगार जादा काम समजतच नाहीत. मुद्दाम विचारा: अंगठा किती वाजता लावता, आणि प्रत्यक्षात बाहेर किती वाजता पडता?

युनिफॉर्म, झाडू, फुटलेली बादली यांच्या नावाखाली कापलेले पैसे वेगळ्या रकान्यात लिहा.

तपासा: प्रत्येक कामगाराचा तक्ता महिनावार हवा आणि तो तिला वाचून दाखवलेला हवा. सुनावणीत "हे आकडे कुठून आले?" असं तिला विचारलं तर "कार्यकर्त्यांनी लिहिलंय" हे उत्तर येता कामा नये.

## ५. मालक कोण, हे कागदावर आणा

कामगाराला मुकादम माहीत असतो. मुकादमाच्या वर उपठेकेदार, त्याच्या वर ठेकेदार एजन्सी, आणि सगळ्यात वर जिथे काम चालतं ती संस्था, म्हणजे मुख्य मालक. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, पीएफचंही तसंच आहे. म्हणून दाव्यात दोघांचीही नावं हवीत. फक्त ठेकेदाराला प्रतिवादी केलं आणि तो ठेका संपवून निघून गेला, तर वसुली कोणाकडून करणार?

सरकारी किंवा महापालिकेच्या जागेवर काम असेल तर माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. लोक पाच पानी अर्ज करतात आणि तो परत येतो. एका अर्जात फक्त कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि ठेक्याच्या अटी मागा. दुसऱ्यात ठेकेदाराची बिलं, त्यांना जोडलेले हजेरीपट आणि पीएफ-ईएसआयची चलनं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, थांबू नका.

हजेरीपट हातात आला की तो तुमच्या कॅलेंडरशेजारी ठेवून वाचा. बिलात चाळीस कामगार आणि प्रत्यक्षात पंचवीस, हे इथेच उघडं पडतं.

खासगी ठिकाणी हा मार्ग नाही. तिथे गेटपास, ओळखपत्र, बँकेतल्या जमा नोंदीवरचं पैसे पाठवणाऱ्याचं नाव, आणि पीएफ पासबुकावरचं आस्थापनेचं नाव यांवरून साखळी जोडावी लागते.

## ६. मागणीपत्र

तक्रारीआधी एक पत्र. ठेकेदाराला आणि मुख्य मालकाला, दोघांनाही. दीड पान पुरे: कोण कामगार, कधीपासून, काय देणं आहे, किती दिवसांत द्यावं. मी पंधरा दिवस देतो. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा कागद काढून ठेवा, किंवा कार्यालयात देऊन दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं पत्र पुरेसं समजू नका.

पत्रात धमकी, विशेषणं, आंदोलनाचा इशारा काही नको. हे पत्र पुढे न्यायालयात वाचलं जाणार आहे, ते ध्यानात ठेवून लिहा.

सावधान: पत्र गेल्यानंतर कामगारांना कोऱ्या कागदावर सह्या मागितल्या जातात, "बोनसचा फॉर्म आहे" असं सांगून. ही गोष्ट पत्र टाकायच्या आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगा. वाचल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

## ७. तक्रार योग्य दारात टाका

एकाच अर्जात पगार, पीएफ, ईएसआय आणि कामावरून काढणं, सगळं कोंबलं की प्रत्येक कार्यालय "हे आमचं नाही" म्हणतं. वेगळं करा.

पगार, ओव्हरटाइम, बेकायदा कपात: कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे. वेतन संहिता, म्हणजे पगाराबाबतचा नवा केंद्रीय कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, थकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई मागता येते, आणि पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा कामगार स्वतः किंवा त्याची नोंदणीकृत युनियन करू शकते. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती, त्यामुळे आधीच्या महिन्यांच्या थकबाकीवर मुदतीची हरकत येणारच हे धरून चाला. सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, आणि उशिराचं कारण कामगाराच्या शब्दांत लिहा. दाव्याचं काम सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, हे अर्ज लिहिण्याआधी कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

पीएफ: कोल्हापुरातल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात. कापला पण भरला नाही, कमी पगारावर भरला, की मुळीच नोंद नाही, हे स्पष्ट लिहा. तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत.

ईएसआय: कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे. विमा क्रमांक काढून दिलेला असतो पण वर्गणी भरलेली नसते, आणि हे आजारपणात दवाखान्याच्या खिडकीवर कळतं. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी ही तपासणी आधीच करून घ्या.

केंद्राचं ठिकाण आहे का, ते बघा. रेल्वे स्टेशन, विमानतळ, राष्ट्रीयीकृत बँक, टपाल कार्यालय अशा ठिकाणचे कामगार राज्याच्या कामगार आयुक्तांकडे येत नाहीत, केंद्राच्या मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातात. चुकीच्या दारात गेलेले चार महिने परत मिळत नाहीत.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो. महिलेला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.

तातडीचा अपवाद: कोणी कामगाराला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवत असेल तर वरचा कोणताही क्रम पाळू नका. काम तिथल्या तिथे थांबवा, पोलिसांना आणि स्थानिक प्रशासनाला त्याच तासात कळवा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. कोणी दगावला असेल तर कुटुंबाला ३० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. "घरगुती मदत" म्हणून दिलेल्या थोड्या पैशांच्या बदल्यात घरच्यांची सही घेतली जाते. ती होण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

## ८. कामावरून काढलं तर

हे होणार असं धरूनच चाला. तोंडी सांगतात, लेखी देत नाहीत, आणि महिन्याभराने म्हणतात, "ती स्वतःच यायची बंद झाली."

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने नेहमीच्या वेळी गेटवर हजर राहायचं. आत घेतलं नाही तर वेळेसह फोटो, आणि त्याच दिवशी पत्र: "मी आज सकाळी ६ वाजता कामावर हजर झाले, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे." निदान तीन दिवस हे करा. या तीन दिवसांच्या कागदांवर पुढची सगळी केस उभी राहते. पहिल्या दिवशी घरी बसलेल्या बाईची केस मी हरलो आहे, अजून मनात सलते.

दरम्यान तिचा देणं असलेला पगार कामावरून काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. तो मागणारं पत्र वेगळं द्या. त्यात "हिशेब पूर्ण करा" असे शब्द नकोत, नाहीतर नोकरी सोडल्याचा अर्थ काढतात.

औद्योगिक किंवा कामगार न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांत करावी लागते. पण इथे एक खड्डा आहे. कामगार ठेकेदाराचा असेल आणि तुम्ही अनुचित प्रथांच्या कायद्याखाली थेट मुख्य मालकाविरुद्ध गेलात, तर "आमच्यात मालक-कामगार नातंच नाही" एवढ्या मुद्द्यावर तक्रार अडते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या प्रकरणात हेच म्हटलं आहे. नात्याचाच वाद असेल तर आधी समेट अधिकाऱ्याकडे औद्योगिक विवाद उभा करा. कोणता रस्ता धरायचा हे वकिलाला विचारूनच ठरवा, आणि ९० दिवस संपायच्या आत विचारा.

## ९. तारखा, तडजोड, वसुली

प्रत्येक तारखेला वीसही जणींना नेऊ नका. एक दिवस गेला की एक दिवसाचा पगार जातो. पाळीपाळीने दोघी-तिघी न्या आणि त्या संध्याकाळी बाकीच्यांना काय झालं ते वस्तीत जाऊन सांगा. हे सांगणं चुकलं की तिसऱ्या तारखेपर्यंत फूट पडते.

तडजोडीचा मसुदा आला की त्यात बघा: प्रत्येकीचं नाव आणि तिची रक्कम वेगळी आहे का, पैसे बँकेत, ठराविक तारखेला येणार आहेत का, आणि "यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही" असं वाक्य घुसवलंय का. त्या वाक्यात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि नोकरीचा दावाही वाहून जातो. ते काढायला लावा किंवा फक्त त्या महिन्यांच्या पगारापुरतं मर्यादित करा.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू आहे. मुंबईच्या खेपेला घाबरून कमी रकमेवर सही करण्याची वेळ आता येऊ नये.

पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात सगळी पासबुकं पुन्हा भरून आणा आणि पहिल्यासारखीच शेजारी शेजारी मांडा. दुसऱ्या दिवशी एकाच एटीएमवरून पैसे निघालेले दिसले, तर पहिल्या भेटीत विचारलेली एटीएम कार्डं अजून मुकादमाकडेच आहेत. ती परत घ्या, बँकेत जाऊन पिन बदला, आणि तीन महिन्यांनी पीएफची नोंद यूएएनवर आली का ते प्रत्येकीच्या फोनवर उघडून बघा.